उपचार पुरा होण्यासाठी : मुलांचा कॅन्सर आणि साहाय्याचं शास्त्र

हैदराबादला लकडी का पूल ओलांडून रेड हिल्सकडे वळलं की थोड्याच अंतरात दोन सरकारी दवाखाने लागतात. एक निलोफर, लहान मुलांचा. दुसरा कॅन्सरचा, मेहदी नवाज जंग यांच्या नावाचा. सगळं शहर त्याला 'एमएनजे' म्हणतं. मेहदी नवाज जंग हे निजामी अमदानीतले अधिकारी, नंतर हैदराबाद राज्यात मंत्री आणि १९६० मध्ये नव्या गुजरात राज्याचे पहिले राज्यपाल. बंजारा हिल्सचे खडक कुणी फुकट घेत नव्हतं त्या काळात तिथं घर बांधून राहायला गेलेले हे गृहस्थ. आज त्याच टेकड्यांवर शहरातलं दुसरं मोठं कॅन्सर रुग्णालय आहे. एन. टी. रामाराव यांनी कॅन्सरनं गेलेल्या पत्नीच्या नावानं उभं करायला घेतलेलं, २००० साली सुरू झालेलं 'बसवतारकम'.

एमएनजे १९५५ साली सुरू झालं तेव्हा नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे पाचही मराठी जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, ते मुंबई राज्यात गेले. राज्याची हद्द सरकली, पण देगलूर, बिलोली, उदगीरकडच्या माणसाची आजारपणातली वाट फारशी सरकली नाही. नांदेडहून मुंबई जितकी लांब, त्याच्या निम्म्याच्या आसपास हैदराबाद. शिवाय तिथं दखनी हिंदी चालते, मराठवाड्यातल्या माणसाला ती बोलता येते आणि तिच्यात त्याला रडताही येतं. म्हणून या विषयाची ओळख मराठी वाचकाला करून देताना मी परळपासून सुरुवात न करता रेड हिल्सपासून करतो आहे. परळ पुढं येईलच, त्याच्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

तुम्ही समाजकार्याचे विद्यार्थी असाल, बालरोग विभागातले निवासी डॉक्टर असाल, वाढदिवसाला एखाद्या वॉर्डात फळं वाटून आलेले गृहस्थ असाल, किंवा निवृत्तीनंतर 'काहीतरी करावं' म्हणून चौकशी करणाऱ्या बाई असाल. या क्षेत्रात तुमचं स्वागत आहे. मात्र दाराशीच एक गोष्ट सांगून टाकतो. मुलांच्या कॅन्सरमध्ये मदत हा उपचाराचाच एक भाग आहे. तिच्यावाचून औषध लागू पडत नाही. म्हणून औषधाला जी शिस्त लागते, मात्रा, वेळ, नोंद, पाठपुरावा, ती सगळी मदतीलाही लागते. दयाळू माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. या शिस्तीचा मात्र तुटवडा आहे.

आधी आजाराबद्दल थोडंसं. मोठ्यांचा कॅन्सर आणि मुलांचा कॅन्सर यांचं नाव एक असलं तरी कुळ वेगळं. तंबाखू, दारू, वय यांचा इथं संबंध नाही. सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा, म्हणजे गावाकडच्या भाषेत 'ब्लड कॅन्सर', आणि त्यातही लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. मग मेंदूतल्या गाठी, लसीकाग्रंथींचे कॅन्सर, मूत्रपिंडातली विल्म्स गाठ, डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा, वाढत्या वयातले हाडांचे कॅन्सर. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आईनं गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात सुरी धरली का, कुणाचं काय वाकडं केलं, या प्रश्नांचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे वाक्य आईला स्पष्ट, मोठ्यानं आणि शक्य तर सासूसमोर सांगणं हीदेखील मदतच, आणि तिला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. यातले बरेचसे कॅन्सर बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात दर वर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त मुलं जगतात. गरीब देशांत हा आकडा अनेक ठिकाणी ३० टक्क्यांच्याही खाली असतो. २०१८ साली संघटनेनं जागतिक मोहीम आखली आणि २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुलं वाचावीत असं उद्दिष्ट ठेवलं. ८० आणि ३० यांच्या मधली जी दरी आहे, ती फक्त औषधांची असती तर हैदराबादसारख्या शहरात ती कधीच बुजली असती. देशाच्या औषधधंद्याची ही एक राजधानी, कॅन्सरवरची स्वस्त जेनेरिक औषधं इथल्याच कारखान्यांतून निघतात. दरी कशाची आहे हे पुढं पाहू. त्याआधी थोडा इतिहास, कारण त्यात या तेलुगू मुलखातलाच एक माणूस आहे.

यल्लाप्रगडा सुब्बाराव, १८९५ साली भीमावरमला जन्मलेले. अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चमूनं फोलिक अॅसिडच्या उलट काम करणारी द्रव्यं तयार केली. त्यांतलं अमिनोप्टेरिन बोस्टनच्या बालरुग्णालयातल्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना देऊन पाहिलं. जून १९४८ मध्ये फार्बर यांचा निबंध छापून आला. १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा, जरी तात्पुरती. त्याआधी हा आजार म्हणजे काही आठवड्यांची मुदत होती. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. अमिनोप्टेरिनचंच भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारात आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची ती पिवळी गोळी एमएनजेच्या वॉर्डातल्या आया ओळखतात, सुब्बारावांना मात्र त्यांच्याच राज्यांत कितीसे लोक ओळखतात कोण जाणे.

पण मला त्या वर्षातली दुसरी घटना अधिक महत्त्वाची वाटते. निबंध छापून यायच्या काही दिवस आधी, २२ मे १९४८ ला, अमेरिकेतल्या एका रेडिओ कार्यक्रमात फार्बर यांच्या एका छोट्या रुग्णाला 'जिमी' या टोपणनावानं बोलतं केलं गेलं. बोस्टनच्या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेशी आले. श्रोत्यांनी दोन लाख डॉलरच्या वर पैसे पाठवले आणि 'जिमी फंड' उभा राहिला. म्हणजे या आजाराचं पहिलं औषध आणि पहिला लोकनिधी ही जुळी भावंडं आहेत. फार्बर यांचा आग्रह असा की मुलाची किमो, आईबापांची समजूत, पैशाची सोय, शाळा, हे सगळं एकाच छताखाली आणि एकाच योजनेत व्हावं. पंचाहत्तर वर्षांनंतरही या क्षेत्रात जे काही चांगलं घडतं ते बहुतेक याच आग्रहाचं पालन असतं. आणि मुलाचं खरं नाव न सांगता निधी उभा करता येतो, हाही धडा त्याच रेडिओ कार्यक्रमातला. आपण तो विसरलो आहोत. त्याविषयी पुढं.

आता परळ. सर दोराबजी टाटा ट्रस्टनं बांधलेलं टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या होत्या, त्याची ही दूरची परिणती. १९८४ च्या सुमारास तिथं डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या मदतीनं मुलांच्या ल्युकेमियासाठी एक उपचारक्रम बसवला, एमसीपी-८४१. भारतातल्या गर्दीच्या, तुटपुंज्या सोयींच्या वॉर्डांत झेपेल असा. त्याआधी पाचातलं एखादंच मूल वाचायचं, या क्रमानं निम्म्याच्या आसपास वाचू लागली. चेन्नई आणि दिल्लीनंही तो उचलला. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून वॉर्ड फिरणाऱ्या अडवाणींचं हे काम भारतीय वैद्यकाच्या इतिहासात मानाच्या पानावर आहे.

एवढं सगळं हाताशी असताना मुलं का जातात? काही उशिरा येतात, काही जंतुसंसर्गानं जातात, काहींचा आजारच चिवट असतो. आणि काही उपचार सोडून जातात. या शेवटच्या प्रकाराला आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. ठरलेल्या उपचारात सलग चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पडला की उपचार सोडला असं धरतात. नवख्या स्वयंसेवकाला वाटतं की उपचार सोडणारे लोक अडाणी, नाहीतर निष्काळजी असणार. तसं नसतं. त्यामागचं गणित समजून घेतलं तर या क्षेत्राचं अर्धं पुस्तक वाचून झालं.

ल्युकेमियाचा उपचार दोन ते अडीच-तीन वर्षं चालतो. पहिला टप्पा चार-पाच आठवड्यांचा. त्याच्या शेवटी बहुतेक मुलांच्या रक्तात आजार दिसेनासा होतो. ताप गेला, हिरड्यांतून रक्त येणं थांबलं, पोर खेळायला लागलं. बापाच्या खिशातली उसनवारी नेमकी इथंच संपलेली असते. मृग निघालेला असतो, किंवा ऊसतोडीची उचल घेतलेली असते आणि मुकादमाचे फोन सुरू झालेले असतात. घरी दुसरी दोन मुलं आजीपाशी, त्यातलं धाकटं आईचं तोंड विसरायला लागलेलं. डॉक्टर म्हणतात, 'अजून सहा-आठ महिने कडक उपचार, मग दीड-दोन वर्षं गोळ्या.' डोळ्यांसमोर तर पोर बरं दिसतंय. मग 'पेरणी उरकून येतो' म्हणून माणूस जातो. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं याचं प्रामाणिक उत्तर प्रत्येकानं स्वतःशी द्यावं. चार-सहा महिन्यांनी आजार उलटतो तेव्हा तो आधीपेक्षा हट्टी झालेला असतो.

डोळ्याच्या कॅन्सरमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडते. रेटिनोब्लास्टोमा बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. बुबुळात पांढरी चमक दिसते, मांजराच्या डोळ्यासारखी. कित्येकदा ती मोबाइलवर काढलेल्या फोटोत आधी लक्षात येते. वेळेत आलं तर डोळाही वाचतो. उशीर झाला तर जीव वाचवायला डोळा काढावा लागतो, आणि इथं घर हटून बसतं, मुलगी असेल तर जास्तच. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं १९८७ पासून जे काम उभं केलं त्यात या आजारावरच्या उपचारांना मोठी जागा आहे. संस्थेचे जवळपास निम्मे रुग्ण तिथं पैसे न देता उपचार घेतात. पण शस्त्रक्रिया फुकट असणं एक आणि आजोबांची समजूत पटणं दुसरं. कृत्रिम डोळा बसवलेला एखादा मोठा मुलगा त्या आजोबांसमोर आणून बसवणं, हे काम सर्जन करू शकत नाही. ते समुपदेशक करतो. आणि चेहरा वाढेल तसा तो कृत्रिम डोळाही वेळोवेळी बदलावा लागतो, त्याची तरतूद पहिल्या दिवशीच्या हिशेबात कुणीतरी धरायला हवी.

टाटा मेमोरियलच्या बालविभागानं २०१० च्या आसपास हे गणित उलटं मांडायचं ठरवलं. 'इम्पॅक्ट' नावाचा उपक्रम सुरू झाला. नोंदणीच्याच दिवशी प्रत्येक कुटुंबाची आर्थिक चौकशी, राहण्याची सोय, जेवण, रक्त, समुपदेशन, शाळा, आणि तारखेला न आलेल्या घरी फोन. यांतल्या प्रत्येक गोष्टीला जबाबदार माणूस नेमलेला. उपचार सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण तोवर एक पंचमांशाच्या आसपास होतं, ते काही वर्षांत पाच टक्क्यांच्या खाली आलं. औषध तेच, डॉक्टर तेच, वॉर्डही तोच. या एका आकड्यासाठी तरी देणगीदारांनी हा विषय अभ्यासावा असं मला वाटतं, कारण इतक्या कमी पैशात इतके जीव वाचवणारं नवं औषध अलीकडे निघालेलं नाही.

या यादीत सर्वांत आधी लागतं ते छप्पर. किमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, वॉर्डाच्या भाषेत 'काउंट कमी होतो'. अशा मुलाला ताप आला तर दोन-चार तासांत दवाखान्यात पोचलं पाहिजे, नाहीतर साधा जंतूही जीव घेतो. म्हणून घर चारशे किलोमीटरवर असणाऱ्याला महिनोन्‌महिने दवाखान्याजवळ राहणं भाग. परवडत नाही म्हणून लोक पदपथावर राहतात. परळच्या जेरबाई वाडिया रस्त्यावर हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. त्या रस्त्यावरच्या धुळीत, डासांत, काउंट उतरलेलं मूल.

याचं उत्तर महाराष्ट्राला परक्याकडून शिकावं लागलं नाही. गाडगे महाराजांनी देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या, पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा यात्रेच्या गावी आणि मुंबईत दवाखान्याला आलेल्या गोरगरिबांसाठीही. त्यांच्या नावानं चालणारी दादरची धर्मशाळा आज मुख्यतः टाटा मेमोरियलच्या रुग्णांचं घर आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन १९६८ पासून तेच काम करतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला 'रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस' हे आजारी मुलांच्या आईबापांचं पहिलं घर १९७४ साली उघडलं. ल्युकेमिया झालेल्या एका मुलीचे वडील फुटबॉल खेळाडू होते, रुग्णालयात खुर्चीवर झोपणारे आईबाप त्यांनी पाहिले आणि संघाला कामाला लावलं. तिकडच्या पुस्तकांत हे घर म्हणजे या चळवळीचा आरंभ मानतात. परळचं सदन त्याहून सहा वर्षांनी जुनं आहे, एवढंच आपण नम्रपणे नोंदवावं.

तरीही धर्मशाळा आणि मुलांसाठीचं घर यांत फरक आहे. तो ओळखून श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी २००६ मध्ये मुंबईत लोअर परळला आठ कुटुंबांची जागा करून 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' सुरू केली. मेम्फिसच्या प्रसिद्ध सेंट ज्यूड रुग्णालयाशी नाव जुळतं, संस्था वेगळी. आज तिची केंद्रं अनेक शहरांत आहेत, हैदराबादेतही. रचना साधी आहे आणि विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची खोली. स्वयंपाकघर सामाईक, पण प्रत्येकीचा ओटा आणि शेगडी वेगळी. शिधा संस्थेचा, स्वयंपाक आईचा. दवाखान्यात न्यायला गाडी. मुलांना शिकवायला शिक्षक. स्वच्छतेची पाळी आईबापांवर, कारण जंतूंचं शास्त्र करूनच शिकता येतं. आईनं स्वतः भाकरी थापावी हा मुद्दा मला फार शहाणपणाचा वाटतो. परक्या गावात, परक्या भाषेत, सगळं काही दुसरे ठरवत असताना, तिच्या हातात राहिलेली ती एकच गोष्ट असते. शिवाय किमोनं तोंड आलेलं पोर मेसची भाजी थुंकून टाकतं, आईच्या हातचं पिठलं दोन घास खातं.

खाण्याचं महत्त्व इथं भावनेपुरतं नाही. कुपोषित मुलाला किमोचा त्रास जास्त होतो, मात्रा कमी करावी लागते, मध्ये थांबावं लागतं. मुंबईत २०१३ साली सुरू झालेल्या 'कडल्स फाउंडेशन'नं हेच एक काम धरलं आणि देशभरच्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ नेमले. रक्ताचंही असंच. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. त्यामुळे वर्षातून एकदा नेत्याच्या वाढदिवसाला भरणाऱ्या मोठ्या शिबिरापेक्षा गरज लागेल तेव्हा येणारे वीस नेमके दाते वॉर्डाला जास्त उपयोगी पडतात.

मग येतो कागदांचा प्रांत, कंटाळवाणा, आणि म्हणूनच स्वयंसेवकांची सर्वांत जास्त गरज असलेला. संयुक्त आंध्रानं २००७ मध्ये आरोग्यश्री योजना आणली. तेलंगणानं डिसेंबर २०२३ मध्ये तिची मर्यादा दहा लाखांवर नेली. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. दोन्ही चांगल्या योजना. पण उदगीरच्या माणसाला हैदराबादेत आरोग्यश्री मिळत नाही, कारण तिला तेलंगणाचं शिधापत्रक लागतं. अशा वेळी केंद्राचं आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरही चालतं, पण ते कार्ड पिशवीत आहे का हे गाव सोडण्यापूर्वी कुणी विचारलेलं नसतं. रेल्वेची सवलत तर कितीकांना ठाऊकच नाही. उपचारासाठीच्या प्रवासात कॅन्सरच्या रुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गाचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबत्याला त्यात ७५ टक्के सूट. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला तेवढा लागतो. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवण्याचं बंधन आहे. त्यासाठीची योजना उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिली. हे सगळं माहीत असणारा आणि अर्ज भरून देणारा एक माणूस वॉर्डाच्या दाराशी बसला तर तो लाखो रुपयांच्या देणगीइतका ठरतो. या माणसाला पदही आहे, वैद्यकीय समाजसेवक. भारतातली अशी पहिली नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. आज बहुतेक रुग्णालयांत हे पद असतं, एका माणसामागे रुग्ण किती याचा हिशेब मात्र कुणी ठेवू इच्छित नाही.

हैदराबादनं या विषयात स्वतःची अशी भर घातली ती वेदनेच्या बाबतीत. सगळी मुलं वाचत नाहीत. जी वाचणार नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे टाळला जातो, 'आता घरी न्या' एवढं म्हणून. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडावाटे द्यायचं मॉर्फीन हे स्वस्त आणि खात्रीचं औषध. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळानं रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. हा कायदा सैल व्हायला २०१४ उजाडलं. त्याच्या आधीपासून एमएनजेमध्ये डॉ. गायत्री पालट यांनी वेदनाशमन आणि परिहार सेवेचा (पॅलिएटिव्ह केअर) विभाग उभा केला, मुलांसाठी वेगळं लक्ष देऊन. मुलाची वेदना मोजायची कशी, हेच एक शास्त्र आहे. मोठा माणूस सांगतो, चार वर्षांचं पोर गप्प होतं, खेळायचं थांबतं, आणि घरचे म्हणतात 'आज शांत आहे'. त्यासाठी चेहऱ्यांची चित्रं दाखवून विचारायच्या पद्धती आहेत. मॉर्फीन दिलं म्हणजे मूल व्यसनी होईल किंवा लवकर जाईल, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्या काही डॉक्टरांच्याही डोक्यात घट्ट बसलेल्या आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये 'शांती अवेदना सदन' हे देशातलं पहिलं हॉस्पिस निघालं. हैदराबादेत बंजारा हिल्सच्या रोटरी क्लबनं २०११ मध्ये 'स्पर्श' सुरू केलं, पैसे न घेता चालणारं. परिहार सेवा म्हणजे हरल्याची कबुली, असं जर तुम्हाला वाटत असेल तर या क्षेत्रात येण्याआधी अशा एखाद्या ठिकाणी आठवडाभर नुसतं बसून या.

आता फोटोंबद्दल. हैदराबादच्या पोलिसांनी एक सुरेख प्रथा पाडली. 'मेक-अ-विश' संस्थेच्या विनंतीवरून २०१४ मध्ये कॅन्सर झालेल्या दहा वर्षांच्या एका मुलाला एक दिवसाचा पोलीस आयुक्त केलं. त्यानं गणवेश घातला, खुर्चीवर बसला, सलामी घेतली. पुढं राचकोंडा आयुक्तालयात आपले पाथर्डीकडचे महेश भागवत आयुक्त असतानाही अशा इच्छा पुऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी ठळक छापल्या. मला या प्रथेविषयी आकस नाही. ज्या मुलाला महिनोन्‌महिने फक्त 'हात पुढं कर' एवढंच ऐकू येतं, त्याला एक दिवस इतरांना हुकूम देता येणं ही मोठी चीज आहे. पण त्या फोटोंमुळे देणगीदाराची अशी समजूत होते की मुलांना हवी असते ती गंमत. गाडीभाडं, शिधा, ताप आल्यावरचा रात्रीचा ऑटो, हे फोटोत येत नाही म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत.

त्याहून गंभीर गोष्ट ऑनलाइन वर्गणीची. २०१० नंतर अशी अनेक व्यासपीठं निघाली आणि त्यांनी खरोखर जीव वाचवले आहेत, हे आधी कबूल करतो. पण टक्कल पडलेल्या, नळ्या लावलेल्या मुलाचा चेहरा आणि पूर्ण नाव-गाव सगळीकडे फिरतं, आणि ते पुसता येत नाही. मूल बरं होतं, सोळा वर्षांचं होतं, आणि वर्गातलं कुणीतरी ते चित्र शोधून काढतं. मुलीच्या बाबतीत लग्नाच्या बैठकीपर्यंत ते पोचतं. ज्या बापाला उद्याची किमो भरायची आहे त्याची संमती ही कितपत संमती? जिमीचं खरं नाव पन्नास वर्षं जगाला माहीत नव्हतं, तरी निधी थांबला नाही.

मुलींचा उल्लेख आला आहे तर तेही सांगायला हवं. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत कॅन्सर झालेले मुलगे मुलींहून बरेच जास्त दिसतात, आणि आजाराच्या स्वभावानं जेवढा फरक पडावा त्यापेक्षा हा फरक मोठा आहे. ज्या मुली नोंदीत नाहीत त्या घरीच आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर रुग्णालयात थांबून भागणार नाही. आशाताई, अंगणवाडी आणि तालुक्याचा डॉक्टर यांना लक्षणं शिकवावी लागतील. आठवडाभर न उतरणारा ताप, फिकेपणा, अंगावरचे निळे डाग, डोळ्यातली चमक. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, ती माणसं गावोगाव हिंडून, चावडीवर बसून, विश्वास कमावूनच. मुलांसाठी असं काम अजून फार थोड्या ठिकाणी झालं आहे. संशोधनाला विषय शोधणाऱ्यांनी इकडे पाहावं.

आणि वाचलेल्यांचं पुढं काय? टाटा मेमोरियलमध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. काही औषधं हृदयावर उशिरा परिणाम करतात, काहींमुळे वाढ किंवा मूल होण्याची क्षमता कमी होते, तेव्हा या मुलांना वर्षानुवर्षं पाहत राहणं गरजेचं. त्यांतलेच मोठे झालेले तरुण २००९ पासून इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं 'उगम' नावाचा गट चालवतात. नव्यानं दाखल झालेल्या मुलाच्या आईला ते भेटतात. डॉक्टरनं शंभरदा सांगितलेलं तिला पटत नाही ते समोर उभ्या असलेल्या पंचविशीतल्या तरुणाला पाहून पटतं.

वाचकहो, अभ्यास म्हणून या विषयाकडे या, नोकरी म्हणून या, किंवा महिन्यातला एक रविवार घेऊन या. देणगी द्यायची असेल तर आधी संस्थेला दोन प्रश्न विचारा. तुमच्याकडचे किती उपचार अर्धवट राहिले, आणि सध्या कोणत्या खर्चाला कुणी पैसे देत नाही? पहिल्याचं उत्तर आकड्यात मिळालं तर संस्था जागी आहे असं समजा, आणि दुसऱ्याचं जे उत्तर येईल, मग तो समाजसेवकाचा पगार असो, रिक्षाभाडं असो किंवा गॅसची टाकी, नेमके त्यालाच पैसे द्या. त्या पैशावर कुणाचं नाव लावू नका. आणि मराठवाड्यातून हैदराबादला निघालेलं एखादं कुटुंब तुमच्या ओळखीचं असेल तर गाडी सुटण्यापूर्वी त्यांच्या पिशवीत आयुष्मान कार्ड, शिधापत्रक आणि आधीच्या दवाखान्याचे सगळे कागद आहेत ना, तेवढं पाहून घ्या.